कॅमेरा कोणाच्या हाती? हौशी चित्रणकार आणि लहान गावांचे समाजजीवन

अमेरिकेच्या काँग्रेसने १९८८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार त्या देशातील जतन करण्यायोग्य चित्रपटांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९८९ पासून दरवर्षी २५ चित्रपट तिच्यात दाखल केले जातात. आरंभीच्या याद्यांत नामवंत दिग्दर्शकांचे आणि मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट होते, हे स्वाभाविकच होते. १९९४ मध्ये मात्र या नोंदवहीत प्रथमच एक घरगुती चित्रफीत आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा क्षण टिपणारी अब्राहम झाप्रूडर यांची ती सुमारे २६ सेकंदांची फीत होती. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, दुसरी घरगुती चित्रफीत स्वीकारली गेली. तिचे नाव 'टोपाझ'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना ज्या छावण्यांत डांबण्यात आले, त्यांपैकी एका छावणीतील डेव्ह तात्सुनो या व्यापाऱ्याने लपूनछपून केलेले हे चित्रण आहे.

या दोन फिती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. पहिलीत सारे जग हादरवणारा क्षण आहे. दुसरीत म्हटले तर काहीच घडत नाही. बर्फ पडते, मुले खेळतात, माणसे बागेला पाणी घालतात, नववर्षासाठी तांदूळ कुटला जातो. तरीही दुसरीचे मोल कमी मानले गेले नाही. इतिहास केवळ घटनांचा नसतो, घटनांच्या मधल्या दिवसांचाही असतो, ही गोष्ट यातून मान्य झाली. पुढील काळात लहान गावांचे आणि अल्पसंख्य समाजांचे रोजचे जीवन टिपणाऱ्या आणखी काही हौशी चित्रफिती या नोंदवहीत आल्या.

प्रस्तुत लेखात अशा काही चित्रफितींचा चिकित्सक विचार केला आहे. लहान गावात समाजाचे एक वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे आपल्याच माणसाने टिपली तर बाहेरच्या कॅमेऱ्याला न दिसणारे काय दिसते, आणि आपल्या माणसालाही काय दाखवता येत नाही, हे दोन प्रश्न त्यामागे आहेत. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नांना व्यावहारिक महत्त्व आहे. आज वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. उणीव आहे ती काय टिपावे आणि टिपलेले कसे वाचावे या विचाराची.

हौशी चित्रणाचे साधन

सर्वसामान्य माणसाच्या हाती चलच्चित्राचा कॅमेरा आला तो १९२३ नंतर. त्या वर्षी कोडॅक कंपनीने १६ मि.मी.ची फिल्म बाजारात आणली. व्यावसायिक चित्रपटांची तेव्हाची ३५ मि.मी. फिल्म चटकन पेट घेणारी होती. नवी फिल्म त्या मानाने सुरक्षित होती आणि स्वस्तही. १९३२ मध्ये ८ मि.मी.ची फिल्म आली आणि खर्च आणखी उतरला. १९३५ पासून कोडाक्रोममुळे घरगुती चित्रणात रंगही आले.

तरीही ही हौस गरिबाची नव्हती. चावी भरून चालणारा कॅमेरा एका चावीत जेमतेम अर्धे-पाऊण मिनिट चाले. शंभर फुटांचे रीळ चार मिनिटांत संपे. त्यामुळे चित्रण करणाऱ्याला प्रत्येक वेळी निवड करावी लागे. हे टिपावे की ते? पाळण्यातले मूल की दुकानातले गिऱ्हाईक? या चित्रफिती वाचताना ही निवड सतत लक्षात ठेवावी लागते. पडद्यावर जे दिसते ते कोणीतरी पैसे मोजून निवडलेले आहे. कॅमेरा कोणाच्या हाती होता हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो धर्मोपदेशक, डॉक्टर, व्यापारी अशा गावातल्या बऱ्या स्थितीतील माणसाच्या हाती होता.

सॉलोमन सर जोन्स : नावानिशी नोंद

या परंपरेतील सर्वांत मोलाचे काम रेव्हरंड सॉलोमन सर जोन्स यांचे आहे. 'सर' हा किताब नव्हे, त्यांच्या नावाचाच भाग. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांच्या पोटी टेनेसी राज्यात जन्मलेले जोन्स पुढे ओक्लाहोमात आले, बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि व्यवसायातही स्थिरावले. १९२४ ते १९२८ या काळात त्यांनी ओक्लाहोमातील कृष्णवर्णीय समाजाचे १६ मि.मी.वर चित्रण केले. त्याची २९ मूक रिळे येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन करण्यात आली असून त्यांचा एकूण कालावधी ३५५ मिनिटे आहे. २०१६ मध्ये हा संग्रह राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला.

जोन्स यांनी टिपलेल्या विषयांची नुसती यादी पाहिली तरी एका समाजाचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. शाळा सुटताना बाहेर पडणारी मुले, मिरवणुका, खेळांचे सामने, नदीत होणारा बाप्तिस्मा, अंत्ययात्रा, दुकाने, तेलविहिरींचे कृष्णवर्णीय मालक, महाविद्यालये, घरापुढे उभी असलेली कुटुंबे. गुलामगिरीच्या अंताचे स्मरण म्हणून १९ जूनला साजरा होणारा 'जूनटीन्थ' हा उत्सवही त्यात आहे. या दिवसाला अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टी मिळाली ती २०२१ मध्ये. जोन्स यांच्या कॅमेऱ्याने त्याची दखल त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे घेतली होती.

या चित्रणाचा खरा अर्थ त्याच्या पार्श्वभूमीवर कळतो. ओक्लाहोमात पन्नासहून अधिक गावे केवळ कृष्णवर्णीयांनी वसवली होती. १९०७ मध्ये ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळताच तेथील विधिमंडळाने वंशभेदाचा कायदा केला. पुढे ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी टल्सा शहरातील ग्रीनवुड या सधन कृष्णवर्णीय वस्तीवर गोऱ्या जमावाने हल्ला केला. हजाराहून अधिक घरे जाळण्यात आली. मृतांचा आकडा काही डझनांपासून तीनशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. त्या विध्वंसाची छायाचित्रे मोठ्या संख्येने काढली गेली. त्यांतील कित्येक गोऱ्या छायाचित्रकारांची होती आणि काहींची पोस्टकार्डे करून विकण्यात आली. म्हणजे ग्रीनवुडची बाहेरच्यांनी काढलेली प्रतिमा जळत्या ग्रीनवुडची होती.

तीन-चार वर्षांनी जोन्स यांचा कॅमेरा त्याच ग्रीनवुडच्या रस्त्यांवर फिरला. त्यात दिसतात पुन्हा उभ्या राहिलेल्या इमारती, उघडी दुकाने आणि नीटनेटक्या पोशाखात ये-जा करणारी माणसे. जोन्स यांनी कोठेही भाषण केलेले नाही. मूकपटात ते शक्यही नव्हते. पण दुसऱ्यांच्या छायाचित्रांशेजारी त्यांची रिळे ठेवली की त्यांचे म्हणणे स्पष्ट ऐकू येते. हा समाज जळून संपला नाही, त्याने घरे पुन्हा बांधली.

जोन्स यांच्या कामाची आणखी एक बाजू संशोधकाला विशेष महत्त्वाची वाटावी अशी आहे. मध्येमध्ये अक्षरे लावलेले फलक दाखवून ते स्थळ, प्रसंग, माणसे यांची ओळख करून देतात. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटते. कलादृष्ट्या हे फलक चित्रणाचा ओघ तोडतात, असाही आक्षेप कोणी घेईल. परंतु जगभरातील अभिलेखागारांत अशी असंख्य रिळे पडून आहेत की ज्यांतील हसऱ्या चेहऱ्यांना नाव नाही. जोन्स हे उपदेशक होते. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. तीच सवय त्यांनी कॅमेऱ्याला लावली. ज्या समाजाच्या आधीच्या पिढ्यांची नावे मालकाच्या मालमत्तेच्या यादीत लिहिली गेली, त्या समाजातल्या माणसाने आपल्या लोकांची नावे स्वतः लिहावीत, यातले औचित्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या मर्यादाही दिसतात. त्यांचा कॅमेरा घर असलेल्या, दुकान असलेल्या, शिकलेल्या माणसांकडे अधिक वळतो. शेतात दुसऱ्याच्या वाट्याने राबणारा, घर नसलेला माणूस त्यांच्या चौकटीत तितकासा ठळक नाही. समाजाची प्रगती दाखवण्याच्या हेतूने केलेल्या चित्रणात हे घडतेच. वंचित समाजातील सुधारक आपल्या समाजाचे चित्र रेखाटतात तेव्हा ते पुष्कळदा यशस्वी माणसांचेच असते. हेतू चांगला असला तरी ही एकांगी बाजू अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.

डॉक्टरांची रोजनिशी आणि केली कुटुंबाचा दिवस

मिनेसोटा राज्यातील कोलोन हे जर्मन वंशाच्या लोकांचे लहान गाव. तेथील डॉक्टर रेमंड डॉविडाट आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांनी १९३९ मध्ये गावाची १४ मिनिटांची चित्रफीत तयार केली. 'कोलोन : रे आणि एस्थर यांच्या रोजनिशीतून' असे तिचे नाव आहे. २००१ मध्ये ती राष्ट्रीय नोंदवहीत आली. गावातील दृश्ये रोजनिशीच्या नोंदींच्या धाग्यात ओवलेली आहेत. हौशी चित्रणात सहसा न आढळणारी बांधणी त्यामुळे तिला मिळाली आहे. विखुरलेल्या दृश्यांना एका व्यक्तीच्या मनाचा आधार मिळतो आणि पाहणाऱ्याला गाव कोणाच्या नजरेतून दिसत आहे हे कळते.

या बांधणीतच तिची मर्यादाही आहे. डॉक्टर हा गावातला असा माणूस की त्याला प्रत्येक घराचा उंबरठा खुला असतो, पण तो कोणत्याही घरातला नसतो. त्याला गाव जवळून दिसते, तरी गावाच्या शेतीत, दुकानदारीत, भाऊबंदकीत त्याचा वाटा नसतो. रोजनिशी लिहिणारी व्यक्ती गावाबद्दल बोलते. गाव स्वतःबद्दल बोलत नाही. जोन्स यांचे फलक इतरांची नावे सांगतात, तर इथे शीर्षकातच चित्रणकारांची नावे आहेत. एक समाजाची नोंदवही आहे, दुसरी दोन व्यक्तींची आठवण. दोन्हींचे मोल आहे, पण ते एकच नव्हे.

तरीही १९३९ हे साल लक्षात घेतले की या चित्रफितीचे वजन वाढते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ नंतर, मिनेसोटातील जर्मन वंशीयांकडे संशयाने पाहिले गेले होते. त्यांची भाषा, त्यांच्या शाळा यांवर दडपण आले होते. १९३९ च्या सप्टेंबरात युरोपात पुन्हा युद्ध पेटले. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका गावाचे निवांत दिवस या फितीत राहून गेले. चित्रण करणाऱ्यांनी ते ठरवून केले असो वा नसो, काळाने त्या निवांतपणाला अर्थ दिला.

केंटकी राज्यातील लेबनन या लहान गावात वॉलेस केली यांनी १९३८ मध्ये केलेली 'अवर डे' ही चित्रफीत याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिचा समावेश नोंदवहीत २००७ मध्ये झाला. तिच्यात वर्ष नाही, आपल्याच कुटुंबाचा एक दिवस आहे. मंदीच्या त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेची जी छायाचित्रे देशभर गाजत होती, ती दारिद्र्याने पिचलेल्या माणसांची होती. केली यांच्या घरात मात्र पियानो आहे, वाचन आहे, अंगणात खेळ आहे. ती छायाचित्रे खोटी होती असे यातून सिद्ध होत नाही. दक्षिण म्हणजे केवळ ती छायाचित्रे नव्हेत, एवढेच सिद्ध होते. बाहेरून आलेला कॅमेरा बहुधा एखादे मत घेऊन येतो आणि त्या मताला पुरावा शोधतो. घरातल्या कॅमेऱ्याला असे काही सिद्ध करायचे नसते, किंवा उलटेच काही सिद्ध करायचे असते. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून वाचन करावे लागते.

टोपाझ : चौकटीबाहेरचे कुंपण

आता पुन्हा 'टोपाझ'कडे वळता येईल. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. यूटा राज्याच्या वाळवंटातील टोपाझ छावणीत एका वेळी आठ हजारांहून अधिक लोक होते. म्हणजे ते एक लहानसे गावच होते. शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळे, सहकारी भांडार सारे काही तेथे होते. फक्त परवानगीशिवाय कोणाला बाहेर जाता येत नव्हते.

जपानी वंशीयांना कॅमेरा बाळगण्यास मनाई होती. सरकारने स्वतः मात्र छायाचित्रकार नेमले होते. त्यांपैकी डोरोथिया लँग यांनी १९४२ मध्ये स्थलांतराची जी छायाचित्रे काढली ती लष्कराने युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवली. तेव्हा तात्सुनो यांच्यापुढील परिस्थिती अशी होती की त्यांच्या लोकांचे चित्रण सरकारच करणार आणि ते दाखवायचे की नाही हेही सरकारच ठरवणार. छावणीतील सहकारी भांडारावर देखरेख करणारे वॉल्टर हॉन्डेरिक यांच्या मदतीने त्यांनी आपला ८ मि.मी.चा कॅमेरा छावणीत आणला. भांडाराच्या खरेदीसाठी तात्सुनो यांना बाहेर जावे लागे. फिल्म मिळवण्याचा मार्ग त्यातूनच निघाला. १९४३ ते १९४५ या काळातील हे रंगीत, मूक चित्रण आहे.

या चित्रफितीत काय नाही, हा प्रश्न टीकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तिच्यात भीती नाही. काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, बंदूकधारी शिपाई यांकडे तात्सुनो यांनी कॅमेरा वळवला नाही, कारण पकडले जाण्याची धास्ती होती. ११ एप्रिल १९४३ रोजी जेम्स वाकासा हे ६३ वर्षांचे गृहस्थ कुंपणाजवळ पहारेकऱ्याच्या गोळीने मरण पावले. तो क्षण कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. ज्या माणसाला छावणीची काहीच माहिती नाही त्याने केवळ ही फीत पाहिली तर त्याला वाटेल, की वाळवंटात काही कुटुंबे थंडीच्या दिवसांत बऱ्यापैकी मजेत राहत होती.

अशा वेळी काही अभ्यासक म्हणतात की हौशी चित्रण फसवे असते, त्यावर इतिहास उभारता येत नाही. हा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे, पण तो अर्धाच खरा आहे. माणसे हसरी दिसतात कारण कॅमेरा समोर आला की माणसे हसतात, आणि कॅमेरा आपल्या ओळखीच्या माणसाच्या हाती असला की अधिकच हसतात. दुःखाच्या वेळी कॅमेरा काढणे आपल्या माणसाला अवघड वाटते. त्यामुळे घरगुती चित्रणात सण असतात, भांडणे नसतात. लग्ने असतात, कर्जे नसतात. हे मौन खोटेपणाचे नाही, लाजेचे आणि जवळिकीचे आहे. मात्र ते भरून काढण्यासाठी शब्द लागतात. तात्सुनो हे पुढे दीर्घकाळ जगले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या चित्रणात काय येऊ शकले नाही, छावणीतील भय आणि एकाकीपण त्यात कसे दिसत नाही, हे ते स्वतः सांगत असत. त्यांच्या या सांगण्यामुळेच ती हसरी दृश्ये पुरावा झाली. चित्रफीत आणि साक्ष यांची जोडी असेल तरच हौशी चित्रण इतिहासाच्या कामी येते, हा 'टोपाझ'चा मोठा धडा आहे.

मालेगाव : विडंबनाआडून गाव

आपल्या परिसरातील उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव. येथील प्रकार वरवर अगदी वेगळा आहे. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी गावातल्याच माणसांना घेऊन, अगदी थोड्या पैशांत, गाजलेल्या चित्रपटांची विडंबने करण्यास सुरुवात केली. 'मालेगाव के शोले' (२०००) हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये तयार झाला आणि २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला. त्यात 'मालेगाव का सुपरमॅन' कसा तयार झाला ते दिसते. पुढे रीमा कागती यांचा 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' हा कथापट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

नासिर शेख यांनी आपण गावाची नोंद करत आहोत असा दावा कधी केला नाही. त्यांना लोकांना हसवायचे होते. पण व्यवसायाने पॉवरलूमवर राबणारा माणूस जेव्हा पडद्यावर सुपरमॅन होतो, तेव्हा त्याच्या मागे मालेगावच्या गल्ल्या, गटारे, यंत्रमागांची खडखड आणि शुक्रवारच्या सुट्टीची गर्दी असतेच. कथा दुसऱ्याची, पण पार्श्वभूमी स्वतःची. जोन्स यांनी जे ठरवून केले ते येथे नकळत झाले.

आणि येथेही टल्साप्रमाणेच बाहेरच्या कॅमेऱ्याशी तुलना अटळ आहे. ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर देशभरच्या वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मालेगावात आले. त्यांनी जे गाव दाखवले त्यात रुग्णालये होती, पोलीस होते, संशय होता. २००६ च्या प्रकरणात अटक झालेल्या स्थानिक मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले, तेव्हा गावाची ती प्रतिमा पुसण्यासाठी तितके कॅमेरे आले नाहीत. त्याच वर्षांत त्याच गल्ल्यांतून, सायकलवर आणि बैलगाडीवर कॅमेरा लावून, माणसे एकमेकांना हसवण्यात गुंतली होती, ही नोंद गावाच्या इतिहासात राहिली पाहिजे.

मात्र येथेही एक उणीव सांगितली पाहिजे. मालेगावला जगापुढे आणणारे दोन्ही चित्रपट बाहेरच्या व्यावसायिकांनी केले आहेत. फैजा अहमद खान यांचा माहितीपट सहृदय आहे यात शंका नाही, आणि मालेगावातील माणसांना तो हास्यास्पद करत नाही. परंतु त्या गल्ल्यांतील निकाह, जनाजे, शाळेचे निकाल, रमजानची पहाट यांची आतल्या माणसाने केलेली सलग, नावानिशी नोंद ही वेगळी गोष्ट आहे. विडंबनपट तिची जागा घेऊ शकत नाहीत.

एक वर्ष म्हणजे किती?

गावाचे 'एक वर्ष' टिपण्याची कल्पना आकर्षक आहे, कारण वर्षाला आपोआप आरंभ आणि शेवट असतो. पेरणी, पाऊस, कापणी, परीक्षा, सुट्टी हा क्रम बांधणीचे काम करतो. परंतु मुस्लिम समाजाच्या संदर्भात या कल्पनेत एक अडचण आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान आहे. रमजान, दोन्ही ईद आणि मोहर्रम दरवर्षी तेवढे मागे सरकतात आणि ३२-३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. एकाच वर्षाच्या चित्रणात रमजान ज्या ऋतूत आला असेल तोच जणू त्याचा ऋतू आहे असे वाटते. उन्हाळ्यातला लांब दिवसाचा रोजा आणि हिवाळ्यातला आखूड दिवसाचा रोजा यांत केवढे अंतर असते, हे रोजा करणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण चित्रफितीला ते सांगावे लागते.

याचा अर्थ एवढाच, की एक वर्ष ही सुरुवात समजावी. जोन्स यांनी चार वर्षे चित्रण केले म्हणून त्यात मुले मोठी झालेली आणि इमारती उंचावलेल्या दिसतात. बेळगावच्या सीमाभागातील गावांत मोहर्रमच्या ताबुतांत हिंदू कुटुंबांचा सहभाग असतो. असा सहभाग वाढतो की आटतो हे एका वर्षाच्या चित्रणावरून कोणीही सांगू शकणार नाही. दर काही वर्षांनी तेच प्रसंग, त्याच जागेवरून टिपले तरच बदल दिसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून चार गोष्टी हाती लागतात. पहिली, बाहेरचा कॅमेरा समाजाकडे बहुधा आपत्तीच्या वेळी येतो, त्यामुळे रोजच्या जगण्याची नोंद समाजाने स्वतः करणे हा शौक नसून गरज आहे. दुसरी, आतला कॅमेराही निर्दोष नसतो. तो सुस्थितीतील माणसाच्या हाती असतो, यश दाखवतो, दुःख आणि भांडण टाळतो. तिसरी, चित्रणापेक्षा त्याच्या सोबतची माहिती अधिक लवकर नष्ट होते. नाव, गाव, तारीख, प्रसंग लिहिले नाहीत तर तीस वर्षांनी उरतात ते फक्त अनोळखी चेहरे. चौथी, चौकटीबाहेर काय राहिले हे चित्रण करणाऱ्याने स्वतः सांगून ठेवले पाहिजे.

महाविद्यालयांनी असा उपक्रम हाती घेतल्यास या चारही गोष्टींचे भान ठेवावे लागेल. कॅमेरा एकाच विद्यार्थ्याच्या हाती न राहता मोहल्ल्यामोहल्ल्यांतील मुलामुलींच्या हाती फिरला, तर एकाच वर्गाचे जग दिसण्याचा धोका कमी होईल. स्त्रियांच्या वावराच्या जागा मुलींनी, घरच्यांच्या संमतीने टिपाव्यात, आणि जेथे संमती नाही तेथे कॅमेरा बंद ठेवून शब्दांत नोंद करावी. चित्रणाइतकीच काळजीपूर्वक एक साधी वही ठेवावी. तिच्यात कोण, कोठे, केव्हा यांबरोबर त्या दिवशी काय टिपता आले नाही आणि का, हेही लिहावे. भ्रमणध्वनीत साठवलेली दृश्ये यंत्र बदलले की जातात. म्हणून त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, आणि त्यांतील एक ग्रंथालयात असावी.

घराघरांत पडलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचा प्रश्न याहून तातडीचा आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांतील लग्ने, उरूस, शाळांची स्नेहसंमेलने त्यांत आहेत. कॅसेटीवरील चुंबकीय थर दरवर्षी झिजत आहे, आणि ती चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत. त्याहीपेक्षा वेगाने कमी होत आहेत ती त्या चित्रणातील चेहरे ओळखणारी माणसे. नव्या चित्रणाचा पहिला कॅमेरा घेण्यापूर्वी गावातील एखाद्या आजीला जुन्या कॅसेटीसमोर बसवून नावे विचारून घेणे, हे कोणत्याही महाविद्यालयाला उद्यापासून करता येण्यासारखे काम आहे.